छातीचा हिशेब

मार्च २०२० मध्ये कुणालाही फोन लावला की रिंग वाजण्याआधी खोकला ऐकू यायचा. सरकारी सूचनेची ती कॉलर ट्यून ऐकून ऐकून लोकांचे कान इतके तयार झाले होते, की बँकेच्या रांगेत कुणी नुसतं खाकरलं तरी पुढचे चारजण वळून बघायचे. पुण्यातल्या पेठेत एका सरकारी बँकेच्या शाखेत कॅशवर बसणाऱ्या एका बाईंची या खोकल्याने चांगलीच पंचाईत केली होती. त्यांचा स्वतःचा खोकला अगदी तसाच होता. कोरडा, दोन-तीन उबळींचा आणि शेवटी बारीकशी शीळ. शाळेत असल्यापासून त्यांना दमा आहे. तेव्हा वय ४५, नोकरीला वीसेक वर्षं झालेली, आणि पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी कायम एक पंप.

महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित ९ मार्चला पुण्यातच सापडले. २४ तारखेला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बँका अत्यावश्यक सेवांमध्ये राहिल्या. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, ते घरी आलं. कॅशियरचं काम घरी येत नाही. नोटा हाताळाव्या लागतात, समोरच्याची सही आणि चेहरा बघावा लागतो, आणि संध्याकाळी कॅश टॅली होऊन तिजोरीला दोघांच्या किल्ल्या लागल्याशिवाय निघता येत नाही. निम्मा स्टाफ आळीपाळीने येऊ लागला एवढाच काय तो दिलासा.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विषय काढला. "अगं, धडधाकट माणसांचं काही खरं नाही, तुझी तर छातीच नाजूक. बिनपगारी का होईना, रजा टाक." शाखेत मात्र निम्म्या लोकांना त्यांचा दमा ठाऊकही नव्हता. दम्याचं हे असंच असतं. बरं असतं तेव्हा माणूस जिने चढतो, डबा खातो, सहलीला जातो. कुणाला काही कळत नाही. त्यामुळे रजेचा अर्ज करायचा तर आधी आजार सिद्ध करायला लागणार, आणि गप्प राहायचं तर खोकला दाबायला लागणार.

एप्रिल उजाडला आणि विचार करायलाही वेळ उरला नाही. जनधन खाती असलेल्या महिलांना केंद्र सरकारने तीन महिने दरमहा ५०० रुपये द्यायचं ठरवलं होतं. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले होते: शेवटी ० किंवा १ असेल त्यांनी ३ एप्रिलला यायचं, २ किंवा ३ असेल त्यांनी ४ तारखेला, असं ९ एप्रिलपर्यंत. कागदावर व्यवस्था चोख होती. पण पैसे वेळेत काढले नाहीत तर परत जातात, अशी आवई उठली आणि सगळे आकडे एकदमच दारात आले. धुणीभांडी करणाऱ्या, काम बंद पडलेल्या बायका उन्हात चुन्याच्या वर्तुळांत उभ्या राहायच्या. काउंटरशी आल्या की तोंडावरचा पदर खाली करून विचारायच्या, "ताई, आले का हो माझे पाचशे?"

त्यांना 'मला दमा आहे, उद्या या' असं कोण सांगणार?

बाईंनी शेवटी एका रविवारी वही काढली. आयुष्यभर आकड्यांशी खेळल्यामुळे त्यांना कुठलीही काळजी कागदावर मांडल्याशिवाय हलकी होत नाही. लिहिता लिहिता लक्षात आलं, की सगळे जण ज्याला 'धोका' म्हणत होते त्यात तीन निरनिराळी खाती एकत्र झाली होती. लागण होण्याचा संभव किती, हे पहिलं. लागण झालीच तर ती बळावण्याचा संभव किती, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे करोना राहू दे बाजूला, या सगळ्या धावपळीत दमाच उसळण्याचा संभव किती. पहिलं खातं काउंटरवर अवलंबून होतं, दुसरं शरीरावर, तिसरं कशावर ते अजून कळायचं होतं.

दुसऱ्या खात्यासाठी डॉक्टर गाठायला हवे होते. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्र सरकारने दूरवैद्यक सल्ल्याचे नियम जाहीर केले होते, त्यामुळे नेहमीचे छातीचे डॉक्टर आता व्हिडिओवर भेटू लागले होते. त्यांनी करोनाबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, "मॅडम, गेल्या महिन्यात रात्री दम्यामुळे जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागतो का? जिना चढताना थांबावं लागतं का?" तिन्हींना नाही. "आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स शेवटचा कधी घेतला?" दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, फटाक्यांच्या धुरानंतर.

"मग तुमचा दमा काबूत आहे. रोजचा पंप एक दिवसही चुकवायचा नाही."

हे सांगणं वाटतं तितकं किरकोळ नव्हतं. पंपात स्टेरॉइड असतं, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून साथीत पंप बंद ठेवावा, असा सल्ला तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर जोरात फिरत होता. पंपाची 'सवय लागते' ही जुनी समजूत त्याच्या मदतीला होतीच. प्रत्यक्षात पंपातून दिवसभरात मिळणारं ब्युडेसोनाइड त्यांच्या बाबतीत एका मिलिग्रॅमच्याही आत होतं आणि तेही थेट श्वासनलिकांत जाणारं. अटॅक आल्यावर द्याव्या लागणाऱ्या गोळ्या दिवसाला ३०-४० मिलिग्रॅमच्या, सगळ्या अंगात भिनणाऱ्या. रोजचा पंप सोडणारा माणूस त्या गोळ्यांकडेच चालू लागतो. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक इथले. रोजचं औषध न घेणं किंवा अर्ध्यावर सोडणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

बाहेरच्या बातम्या मात्र उलटसुलट होत्या. वुहानच्या १४० रुग्णांच्या एका सुरुवातीच्या पाहणीत एकालाही दमा नव्हता. अमेरिकेत मध्यम ते तीव्र दमा असलेल्यांना सावध केलं जात होतं. ब्रिटनमध्ये तीव्र दमा असलेल्यांना घराबाहेरच पडू नका, अशी पत्रं जात होती. आपल्याकडे १ मे च्या आदेशात सहव्याधी असलेल्यांनी घरात राहावं असं म्हटलं होतं, पण अत्यावश्यक कामाची सवलत ठेवून. नोकरी हे अत्यावश्यक काम की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

जुलैमध्ये काहीतरी हाताला लागलं. इंग्लंडमधल्या १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासणारा ओपनसेफली नावाचा अभ्यास 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडे स्टेरॉइडच्या गोळ्या न लागलेल्या दमेकऱ्यांचा करोनाने मृत्यू होण्याचा धोका इतरांइतकाच निघाला होता. ज्यांना गोळ्या लागल्या होत्या, त्यांचा थोडा जास्त, साधारण १३ टक्क्यांनी. साखर काबूत नसलेल्या मधुमेहींचा मात्र जवळजवळ दुप्पट. आणि वयापुढे सगळंच फिकं: पन्नाशीतल्या माणसाशी ताडून बघितलं तर चाळिशीतल्याचा धोका एक तृतीयांशाहून कमी, साठीतल्याचा दुपटीहून अधिक, ऐंशीच्या पुढच्याचा वीसपट.

आकडे इंग्लंडचे होते, पेठेतले नव्हते. तरी ते वाचून बाईंची नजर शेजारच्या काउंटरकडे गेली. तिथे हेड कॅशियर बसायचे. निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलेलं, मधुमेह जुना, बीपीची गोळी, आणि डब्यात रोज काहीतरी गोड. सगळी शाखा त्यांना काका म्हणायची. बाईंनी रजा टाकली असती तर तिजोरीबरोबर त्यांचा काउंटरही काकांकडेच गेला असता. म्हणजे घरच्यांच्या आग्रहाने जो धोका टळणार होता, तो प्रत्यक्षात तीन फूट डावीकडे सरकून जास्त मोठा होणार होता. रजेच्या अर्जात या गोष्टीला रकाना नसतो.

त्यांनी हे काकांजवळ बोलून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "तुम्ही माझी काळजी करू नका हो. मला कुठे खोकला आहे?"

त्यांचंही चुकत नव्हतं. दमा ऐकू येतो, साखर ऐकू येत नाही. रांगेतले लोक बाईंपासून लांब सरकायचे आणि काकांच्या काउंटरवर ओणवे व्हायचे.

तिसरं खातं एप्रिलमध्येच उघडलं होतं, आणि तेही भलत्याच बाजूने. शाखा रोज निर्जंतुक करायची म्हणून सोडियम हायपोक्लोराइटचे कॅन आले. सफाईच्या मावशी फरशीवर त्याचा पोछा मारायच्या आणि शिपाई स्प्रेची बाटली घेऊन काउंटर, खुर्च्या, दाराची मूठ, पेनाची साखळी, जे दिसेल त्यावर फवारायचा. एसी बंद, दारं सुरक्षेसाठी अर्धी लोटलेली. एके दिवशी अकराच्या सुमाराला बाई शंभराच्या नोटांची गड्डी मोजत असताना आधी घशात खवखव झाली, मग गळ्याच्या खाली काहीतरी आवळल्यासारखं. श्वास आत जात होता, बाहेर पडायला वेळ लागत होता. आकडा दोनदा चुकला. त्यांनी गड्डी ट्रेमध्ये टाकली, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि मागच्या बोळात जाऊन पायरीवर बसल्या.

पर्समध्ये पीक फ्लो मीटर होतं. ही प्लॅस्टिकची साधी नळी असते. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं आणि काटा कुठे सरकला ते वाचायचं. बरं असताना त्यांचा सर्वोत्तम आकडा ३८०. त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ३०४ च्या वर असेल तर हिरवा पट्टा. १९० च्या खाली लाल, दवाखाना गाठायचा. त्या दिवशी काटा २४० वर थांबला, पिवळ्यात. मग तातडीचा पंप स्पेसरला लावून एक पफ, चार सावकाश श्वास. पुन्हा एक पफ, पुन्हा चार श्वास. असे चार पफ आणि चार मिनिटं थांबणं. काटा ३१० वर आला. काउंटरपुढे तोवर कुरकुर सुरू झाली होती.

म्हणजे ज्या औषधाने करोना मरायचा होता, त्यानेच त्यांना पिवळ्या पट्ट्यात नेलं होतं. क्लोरीनची वाफ आणि जंतुनाशकांचे तुषार दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांना चिथावतात, ही डॉक्टरांना जुनीच माहिती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही १८ एप्रिलला माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका असं बजावलं, कारण बाजारांच्या दारांत तोवर फवाऱ्याच्या कमानी उभ्या राहिल्या होत्या. शाखेत बाईंनी फार वाद घातला नाही. मावशींशी बोलून पोछा सकाळी शाखा उघडायच्या तासभर आधी ठरला, खिडक्या उघड्या ठेवून. काउंटर साबणाच्या पाण्याने पुसायचं ठरलं. मावशींनाही ते हवंच होतं. "मॅडम, माझे डोळे पण चुरचुरतात, पण मला कोण विचारतंय?"

पहिल्या खात्यावर, म्हणजे लागण कशी होते यावर, शाखेचं सगळं लक्ष नोटांवर होतं. चिमट्याने चेक धरून त्यावर इस्त्री फिरवणाऱ्या बँक कर्मचाऱ्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. इथेही आलेली रोकड एक दिवस वेगळी ठेवायची पद्धत पडली, बोटं सॅनिटायझरने सोलवटली. पण जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाकडे लक्ष द्या असं जाहीर पत्र लिहिलं आणि हळूहळू चित्र बदललं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याचा संभव साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं सांगितलं. कॅशियरच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: भीती हातातल्या गड्डीची कमी आणि काचेपलीकडून येणाऱ्या श्वासाची जास्त धरायची.

आणि ती काचच अडचणीची होती. अ‍ॅक्रिलिकचा पडदा लावल्यावर बोलणं ऐकू येईना. पेन्शनर आजोबा महिन्याच्या एक तारखेला यायचे, मास्क हनुवटीवर ओढायचे आणि खालच्या फटीशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणायचे, "जमा झाली का?" नेमकी बाईंच्या चेहऱ्यासमोर. त्यांनी एका जाड कागदावर 'पेन्शन जमा झाली आहे' असं ठळक अक्षरांत लिहून काचेला आतून चिकटवलं. निम्मे प्रश्न तिथेच मिटले. दुसरी मागणी होती पाठीमागच्या खिडकीची. एसी बसवला तेव्हा ती खिळे ठोकून बंद केलेली होती. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, कॅशच्या मागची खिडकी कशी उघडणार? ऑडिटवाले मलाच धरतील." शेवटी जाळी आणि गज तसेच ठेवून फक्त तावदानं उघडायला परवानगी मिळाली आणि वरचा बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन दुरुस्त झाला. पत्रव्यवहाराला बरेच आठवडे गेले.

मास्कबद्दलही घरोघरी मतं होती. दमेकऱ्याने मास्क लावला तर कार्बन डायऑक्साइड साठून गुदमरतो, हे त्यातलं एक. कार्बन डायऑक्साइड कापडातून सहज जातो. त्रास होतो तो उकाड्याचा आणि घामाचा. बाईंनी सुरुवातीला झडपेचा एन-९५ घेतला होता, कारण त्यात श्वास सोडणं सोपं जायचं. जुलैमध्ये केंद्राने झडपेच्या मास्कविरुद्ध राज्यांना पत्र लिहिलं, कारण झडपेतून सोडलेला श्वास न गाळता बाहेर येतो. तेव्हा त्यांनी बिनझडपेचा घेतला आणि तासाभराने खिडकीशी जाऊन थोडा वेळ उभं राहायचं ठरवलं. एक गोष्ट मात्र अनपेक्षित झाली. त्या पावसाळ्यात त्यांना एकदाही सर्दी झाली नाही, आणि सर्दी नाही म्हणून दमाही उसळला नाही. अनेक देशांत त्या वर्षी दम्याच्या तीव्र अटॅकची संख्या घटल्याचं पुढे नोंदलं गेलं.

१५ सप्टेंबरला राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. तेव्हा पुण्यात साथ ऐन भरात होती. दारात आलेल्या स्वयंसेविकेने ऑक्सिमीटर लावला: ९८. "कुणाला बीपी, शुगर, दमा?" बाईंनी हो म्हटलं, यादीत खूण झाली. त्याच सकाळी त्यांचा पीक फ्लो २९० होता, म्हणजे पिवळ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला. दोन यंत्रं दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती. दम्यात श्वासनलिका आकसायला लागल्या तरी रक्तातला ऑक्सिजन बराच काळ टिकून राहतो; तो खाली येतो तेव्हा उशीर झालेला असतो. करोनात काहींचा ऑक्सिजन धाप न लागताच उतरत होता. त्यामुळे त्यांच्या वहीत दोन रकाने झाले, आणि खोकला सुरू झाला की पहिला प्रश्न ठरला: फुंकलं तर काटा किती, आणि पंपाने वर येतो का? पंपाने उतार पडला तर बहुधा दमा. नाही पडला, ताप असला, वास गेला, तर टेस्ट.

त्याच महिन्यात काका पॉझिटिव्ह आले. ऑक्सिजन लागला, बरेच दिवस रुग्णालयात काढून ते परतले, वजन उतरलेलं, आवाज बसलेला. काउंटरवर लागण झाली की पुतण्याच्या घरच्या गणपतीत, ते कुणालाच सांगता आलं नाही. बाईंची टेस्ट निगेटिव्ह आली. शाखेत कुणीतरी म्हणालं, बघा, मॅडमचा अंदाज बरोबर निघाला. बाईंना ते पटलं नाही. काका आजारी पडले म्हणून हिशेब बरोबर ठरत नव्हता, आणि त्या स्वतः आजारी पडल्या असत्या तरी चूक ठरला नसता. त्यांनी मांडला होता तो संभवाचा हिशेब होता; एका शाखेतल्या दोन माणसांच्या नशिबावरून तो तपासता येत नाही.

१ मार्च २०२१ ला लसीकरण साठीच्या पुढच्यांसाठी आणि सहव्याधी असलेल्या ४५ ते ५९ वयाच्या लोकांसाठी खुलं झालं. वीस आजारांची यादी आली. श्वसनाच्या आजारात पात्र कोण, तर ज्यांना दोन वर्षांत रुग्णालयात दाखल व्हावं लागलं किंवा ज्यांची फुप्फुसाची क्षमता एका चाचणीत निम्म्याखाली आहे असे. बाई त्यात बसत नव्हत्या. सप्टेंबरच्या यादीत त्या आजारी होत्या, मार्चच्या यादीत ठणठणीत. यादी लिहिणाऱ्यांना लशी कमी आणि माणसं जास्त यांचा मेळ घालायचा होता, हे त्यांना समजत होतं. ओपनसेफलीचे आकडेही त्याच बाजूचे होते. तरीही रोज दीड-दोनशे माणसांसमोर बसणाऱ्यांचं काय, हा प्रश्न यादीत नव्हताच. आघाडीचे कर्मचारी धरून बँकवाल्यांना आधी लस द्या, अशी मागणी बँक कर्मचारी संघटना करत होत्या. १ एप्रिलला ४५ च्या पुढच्या सगळ्यांना मुभा मिळाली आणि बाईंनी, आजाराचा उल्लेख न करता, निव्वळ वयावर पहिला डोस घेतला. पुण्यातच तयार होणारी कोव्हिशील्ड. दुसरा डोस जवळ आला तेव्हा मे महिन्यात दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवड्यांचं झालं, त्यामुळे तो पुढे गेला.

दुसऱ्या लाटेत त्यांचा पंप अचानक प्रसिद्धीला आला. ऑक्सफर्डमधल्या १४६ जणांच्या छोट्या चाचणीत ब्युडेसोनाइडचा पंप सौम्य करोनात उपयोगी पडल्याचं दिसलं होतं, आणि एप्रिल २०२१ मधल्या भारतीय उपचारसूचनांतही ताप-खोकला पाच दिवसांहून अधिक टिकला तर तो द्यावा असं आलं. नेहमीच्या मेडिकलवाल्याने सांगितलं, "मॅडम, तुमचा ब्रँड संपलाय. लोक घरात असू दे म्हणून दोन-दोन नेतायत." ज्या पंपाला वर्षभर नावं ठेवली जात होती, तोच आता सासूबाईंच्या मैत्रिणी मागत होत्या. दुसऱ्या बाजूला कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, हा निरोप येत होता. नवऱ्याने ती आणून दिली. बाईंनी ती बाल्कनीत नेऊन ठेवली; कापराच्या वासाने त्यांची छाती भरून येते.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले करोनाचे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. काका त्याआधीच निवृत्त झाले होते. उन्हाळा तापला तसा शाखेत एसी पुन्हा सुरू झाला आणि नव्या मॅनेजरांनी पाठीमागची खिडकी बंद करायला सुतार बोलावला. बाईंनी वहीतली जुनी पानं दाखवली नाहीत. त्या दिवशी करन्सी चेस्टला पाठवायच्या फाटक्या-मळक्या नोटांचे गठ्ठे बांधायचे होते, आणि त्या धुळीने त्यांना करोनाच्या आधीपासून त्रास होतो, म्हणून मास्क लावलेलाच होता. त्या सुताराला म्हणाल्या, "दादा, खिळे नका मारू. कडी बसवा, आतून. मी उघडीन आणि मीच लावीन." मॅनेजरांनी विचारलं, जबाबदारी कुणाची? बाईंनी कॅशच्या रजिस्टरमध्ये तिजोरीच्या किल्ल्यांखाली आणखी एक ओळ आखली, 'खिडकी' असं लिहिलं आणि पुढे सही केली.